देवाबद्दल बोलायचं कधी आणि गप्प राहायचं कधी? (कोकणातल्या ख्रिस्ती मंडळींसाठी, इतरांनीही लिहा)

वेंगुर्ल्याची_बाय

नमस्कार. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

आम्ही वेंगुर्ल्याचे, कॅथलिक. मुंबईची नोकरी सोडून गावी आलो आणि आता बाजारात किराणा दुकान चालवतो. मुंबईत आमच्या चर्चच्या प्रार्थनागटात सांगायचे, रोज निदान एका माणसाला येशूबद्दल सांगा. तिथे ते जमायचं. लोकलमध्ये शेजारी बसलेली बाई उद्या दिसणार नसते, काय वाटायचं ते वाटो तिला. इथे कोणाला सांगू? समोरचे काका माझ्या सासऱ्यांच्या वर्गात होते. त्यांच्या मुलीच्या लग्नात मी पंगतीत वाढलंय. दर नाताळला आमच्याकडून त्यांच्याकडे नेवऱ्या आणि दोदोल जातो, चतुर्थीला त्यांच्याकडून मोदक येतात. त्यांना येशू माहीत नाही असं थोडंच आहे?

नवरा म्हणतो, काटा सरळ ठेव, पुरे झालं. मला ते पुरेसं वाटत नाही. समोरचे वाणीसुद्धा काटा सरळच ठेवतात, त्यासाठी ख्रिस्ती असावं लागत नाही.

आता हे सगळं डोक्यात का आलं ते सांगते. दुकानात एक म्हातारी येते, उधारीवाली. परवा गर्दी ओसरल्यावर काउंटरवर वाकून हळूच म्हणाली, "बाय, तुमच्या सायबिणीक सांग गो, माझ्या झिलाक दारू सोडूची बुद्धी दी म्हणान." सायबीण म्हणजे आमची मारिया माता. मी "सांगते" म्हटलं आणि साखर बांधून दिली. रात्री तेर्सात (रोजरीच्या प्रार्थनेत) त्या मुलाचं नाव घेतलंही. पण तिथेच, तिच्यासमोर प्रार्थना करायला हवी होती का? की ते फार झालं असतं?

तर विचारायचं ते असं. तुम्ही रोजच्या दिवसात श्रद्धा कशी जगता, आणि तोंडाने कधी बोलता? चतुर्थीतल्या प्रसादाचं काय करता तेही सांगा, आमच्या घरात त्यावरून दरवर्षी दोन पक्ष पडतात.

---

रापणवाला_मालवण

बाय, नवरा अर्धा बरोबर आहे.

आमच्या रापणीत (किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं मोठं जाळं) बहुतेक गाबीत, म्हणजे हिंदू मच्छीमार, आम्ही ख्रिस्ती मोजकेच. जाळं सोडताना ते त्यांच्या देवाचं नाव घेतात, मी कपाळाला हात लावून खुरसाची खूण करतो. इतक्या वर्षांत कोणी कोणाला काही विचारलं नाही. दोर ओढायला हात लावील त्याच्या पिशवीत मासे पडतात, मग तो कुठल्या का देवाचा असेना. त्यात मी ख्रिस्ती म्हणून वेगळं असं काही करत नाही, करण्यासारखं काही नाहीच.

फरक पडला तो भांडणात. पर्ससीन (मोठ्या जाळ्यांच्या यांत्रिक बोटी) आणि पारंपरिक मच्छीमारांचा वाद इथे सगळ्यांना ठाऊक आहे. बोटी आमच्या किनाऱ्याजवळ येऊन मासळी उचलून नेतात आणि आमची रापण रिकामी येते. एकदा आमची पोरं एका बोटीवर चढली. मीही गेलो होतो, कारण हक्क आमचा आहे आणि त्यात मला आजही काही गैर वाटत नाही. पण पोरांनी खलाशांना धरलं. खलाशी म्हणजे कोण, दुसऱ्या राज्यातून पगारावर आलेली विशीतली मुलं. मालक घरी झोपलेला. एकाच्या डोक्यात फळी बसणार होती ती मी अडवली. किनाऱ्यावर आल्यावर मला शिव्या बसल्या, तू कोणाच्या बाजूचा म्हणून. तेव्हा बोललो. म्हटलं, आमच्यात शत्रूवर प्रेम करा असं सांगितलंय. मला प्रेम वगैरे जमत नाही, पण फळी अडवणं जमतं. झालं माझं प्रवचन.

त्यानंतर आमच्यातलाच एक जण रात्री घरी आला आणि विचारलं, ह्या खंय लिवलाला असा? मत्तयचा पाचवा अध्याय काढून दाखवला. मी आपणहून कोणाच्या दारात पुस्तक घेऊन गेलो नसतो.

जाता जाता : उपवासकाळात शुक्रवारी मटण वर्ज्य आणि मासे चालतात, हा नियम ज्यांनी केला ते मालवणात राहत नव्हते. सुरमई खाऊन कसला उपवास. मी शुक्रवारी मासेच सोडतो. बायको म्हणते, त्या दिवशी तुझं तोंड बघवत नाही.

---

कुपारी_वसई

रापणवाले, दंडवत.

बाय, तुमच्या प्रश्नावर आमच्याकडे हमखास एक फॉरवर्ड येतो : असिसीचे संत फ्रान्सिस म्हणाले, सुवार्ता सांगा आणि गरज पडली तर शब्द वापरा. हे वाक्य फ्रान्सिस यांच्या लिखाणात कुठेही सापडत नाही. शिवाय ते स्वतः गावोगाव फिरून भरपूर बोलायचे. आपल्याला गप्प बसायला सोयीचं म्हणून ते इतकं फिरतं, असा माझा संशय आहे. पोप सहावे पॉल यांनी १९७५ साली जे लिहिलं ते जास्त खरं आहे. आजचा माणूस शिक्षकांपेक्षा साक्षीदारांचं जास्त ऐकतो, असं ते म्हणाले. पण त्याच पत्रात असंही आहे की जगण्याची साक्ष कितीही चांगली असली तरी केव्हातरी येशूचं नाव घेऊन ती उलगडावी लागते. पहिला भाग सगळे सांगतात, दुसरा कोणी सांगत नाही.

मला वाटतं आपली खरी अडचण भित्रेपणाची नाही, सवयीची आहे. "नमो मरिये" झोपेत म्हणू. पण "तू देवाला का मानतेस?" असं मैत्रिणीने चहा पिताना विचारलं की आपण फादरांकडे बोट दाखवतो. साध्या, घरच्या मराठीत स्वतःच्या श्रद्धेबद्दल चार वाक्यं बोलायची आपल्याला सवयच नाही.

आणि हे आपल्या किनाऱ्यावर व्हावं याचं आश्चर्य वाटतं. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला, इथली भाषा शिकला आणि १६१६ साली त्याचं ओवीबद्ध ख्रिस्तपुराण गोव्यातल्या रायतूरला छापलं गेलं. चारशे वर्षांपूर्वी परका माणूस ओव्या रचू शकला. आमच्या वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुवार्ता' मासिक चालवलं, बायबल आजच्या मराठीत आणलं आणि त्यासाठी २०१३ साली साहित्य अकादमी मिळवली. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले तेव्हा एका धर्मगुरूला अध्यक्ष का केलं म्हणून विरोधही झाला. पण वसईतल्या हिंदू शेतकऱ्यांना विचाराल तर त्यांना आधी हरित वसईचं आंदोलन आठवतं. पाणी, जमीन आणि गुंडगिरी यांवर हा झगेवाला माणूस त्यांच्या बरोबरीने रस्त्यावर उतरला होता. २०२४ च्या जुलैत ते गेले. त्यांनी लिहिणं आणि रस्त्यावर उतरणं यांतलं एक निवडलं नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं.

पेत्राच्या पहिल्या पत्रात (३:१५) तुमच्या प्रश्नाचं उत्तर जवळजवळ सरळ दिलंय. तुमच्या आशेचं कारण कोणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेने आणि आदराने. तुमच्या म्हातारीने तर विचारलंच होतं.

---

दापोलीचे_मास्तर

मी ख्रिस्ती नाही, निवृत्त शिक्षक आहे. धाग्याच्या शीर्षकात "इतरांनीही लिहा" आहे म्हणून लिहितो. कडू वाटेल.

आमच्या भागात हा प्रश्न नवा नाही. स्कॉटिश मिशनरी १८२३ मध्ये बाणकोटला आले, मग हर्णैला. शाळा काढल्या, मुलींनाही शिकवलं, ते ऋण मी मानतो. पण त्या शाळेत अक्षरओळख आणि बायबल एकत्रच मिळत असे आणि माझ्या पणजोबांच्या पिढीला मुलगा शाळेत पाठवावा तर बाटेल ही धास्ती होती. ती धास्ती अजून हवेत आहे. तुम्ही तिला पूर्वग्रह म्हणा, पण ती आकाशातून पडलेली नाही.

माझा प्रश्न साधा आहे, आणि गोलमोल उत्तर नको. शेजारी म्हणून तुम्ही मदत करता, आजारपणात धावून येता, त्यामागे "हा एक दिवस आपल्यात येईल" असा हिशोब असतो का? असेल तर मला तुमची मदत नको. नसेल तर "सुवार्ता सांगा" ही आज्ञा तुम्ही पाळत नाही. दोन्ही कसं जमतं?

---

चिपळूणकर_मंडळी

मास्तर, बरं झालं सरळ विचारलंत. मी प्रोटेस्टंट, आमची मंडळी लहान आहे, त्यामुळे हे प्रश्न आम्हाला समोरासमोर येतात. तसंच उत्तर देतो.

होय, तुम्ही येशूला ओळखावं असं मला वाटतं. नाही म्हणालो तर खोटं होईल. माझ्याकडे जे सगळ्यात मोलाचं आहे ते तुमच्याकडे नसलं तरी मला काही वाटत नाही, असं म्हणणारा शेजारी कसला? पण मदत त्यासाठी नाही. मी उदाहरणच देतो, नुसत्या बोलण्यावर तुम्ही विश्वास ठेवणार नाही आणि ठेवूही नये.

२२ जुलै २०२१. वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, कुठे पहिला मजला गेला. पाणी उतरल्यावर जो चिखल राहिला तो ज्याने काढला त्यालाच माहीत. वरून सुकलेला, आत लोण्यासारखा, आणि त्यात डिझेल, मेलेली जनावरं, कुजलेलं धान्य. फावडं मारलं की सुटत नाही. घमेल्याने भरून रस्त्यावर आणायचा, तर रस्त्यावरही तोच. आमची तरुण मुलं रोज सकाळी फावडी, घमेली आणि ब्लीचिंग पावडर घेऊन निघायची. बाहेरून मदतीचे ट्रक आले, त्यातल्या एका गटाकडे पत्रकांचे गठ्ठे होते. प्रत्येक धान्याच्या पिशवीत एक पत्रक घाला म्हणाले. आमच्या पाळकांनी गठ्ठा उचलला आणि आपल्या खोलीत कुलूप लावून ठेवला. म्हणाले, ज्याच्या घरात चूल नाही त्याला "नको" म्हणता येत नाही, आणि "नको" म्हणता येत नाही तिथे सुवार्ता सांगायची नाही. त्यावर आमच्यात जोरात वाद झाला. काही जण अजून म्हणतात की संधी घालवली. मला पाळकांचंच पटतं.

पण त्यांनी वर्षभराने काय केलं तेही ऐका. नाताळात मैदानावर मांडव घालून येशूजन्माचं कीर्तन ठेवलं, पेटी-तबल्यासकट. ज्याला यायचं तो आला, ज्याला नाही तो घरी बसला. ही रीत आमची नाही, ना. वा. टिळकांची. तेही आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे. १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि उरलेलं आयुष्य अभंग-कीर्तनातून येशू सांगण्यात घालवलं. आणि घरात? लक्ष्मीबाईंनी नवऱ्याच्या मागे लगेच धर्म बदलला नाही. काही वर्षं वेगळ्या राहिल्या, आपल्या वेळेने आल्या. टिळकांना वाट पाहावी लागली, स्वतःच्या बायकोची.

कायद्याचंही सांगून टाकतो, कारण इथे कोणीतरी काढेलच. घटनेच्या २५ व्या कलमात धर्म पाळण्याबरोबर त्याचा प्रसार करण्याचाही हक्क आहे. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की प्रसार म्हणजे आपली तत्त्वं समजावून सांगणं, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. मला ही रेघ जाचत नाही. माणसाचं मन बदलणं हे तसंही माझं काम नाही, आमच्या शास्त्राप्रमाणे ते पवित्र आत्म्याचं आहे.

---

दापोलीचे_मास्तर

कुलुपाचं आवडलं. "तुम्ही ओळखावं असं वाटतं" हे तितकंसं आवडलं नाही, पण निदान तोंडावर सांगितलंत.

---

सिस्टर_नव्हे_नर्स

(नावाचा खुलासा : वॉर्डात सगळे "सिस्टर" म्हणतात, आणि गावी गेलं की लोकांना वाटतं मी कॉन्व्हेंटातली.)

बाय, तुमच्या म्हातारीबद्दल. मी मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात रात्रपाळी करते, मूळ गाव सावंतवाडीजवळ. हा प्रसंग मला नेहमी येतो. गळ्यात क्रूस दिसतो आणि रात्री दोन वाजता पेशंट विचारतो, सिस्टर, प्रार्थना कराल का?

माझी पद्धत सांगते. मी आपणहून कधीच सुरुवात करत नाही. पेशंट आडवा असतो, त्याचं सलाइन माझ्या हातात असतं, तो मला नाही कसं म्हणेल? चिपळूणकरांच्या पाळकांनी सांगितलं तेच. पण त्याने विचारलं तर "घरी जाऊन करते" असं सांगत नाही. तिथेच करते, अर्ध्या मिनिटाची. आधी विचारते, मोठ्याने करू की मनात? मोठ्याने म्हणाला तर त्याच्याच शब्दांत करते. "देवा, यांना झोप लागू दे, उद्याच्या ऑपरेशनची भीती जाऊ दे." शेवटी येशूच्या नावाने म्हणते, कारण मी त्याच्याच नावाने मागते, दुसरं नाव घेतलं तर ते नाटक होईल. नंतर काही समजावत बसत नाही. ब्लडप्रेशर घेते आणि पुढच्या खाटेकडे जाते.

एकदा एका आजोबांनी मला उलट सांगितलं, आता माझ्यासाठी रामरक्षा म्हण. मला येत नाही, तुम्ही म्हणा, मी थांबते, असं मी म्हटलं. त्यांनी अर्धी म्हटली आणि झोपले.

म्हातारी पुन्हा येईलच, उधारी आहे ना. तेव्हा विचारा, मावशी, आता करू का? नको म्हणाली तर साखर बांधा.

---

कोर्लईकरीण

इतकं मोठं मला लिहिता येत नाही. आम्ही रेवदंड्याच्या खाडीपलीकडचे, घरात आमची पोर्तुगीज वळणाची बोली, बाहेर मराठी. बाहेरच्यांना सांगायचं नंतर बघू, आधी घरातल्यांना सांगून दाखवा. संध्याकाळी रोजरी आणि मालिका एकाच वेळी असतात. आजी पुढचा मणी ओढते, पोरं मोबाइलवर, नवरा अर्ध्यात पेंगतो. माझी लेक विचारते, रोज तेच ते पन्नास वेळा कशाला म्हणायचं? मी सांगितलं, मला दिवसभर राग येतो, पन्नास वेळा म्हणेपर्यंत तो उतरतो. तिला पटलं की नाही माहीत नाही, पण आता ती एक दशक (दहा मण्यांचा भाग) तरी बसते.

---

कुपारी_वसई

कोर्लईकरीण, हे एका परिच्छेदात माझ्या अख्ख्या पोस्टपेक्षा जास्त आहे.

---

पाहुणा_अलिबाग

प्रसादाचं कोणीच बोलत नाहीये? पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

चिपळूणकर_मंडळी

बोलतो. मी घेत नाही. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात आठव्या आणि दहाव्या अध्यायात हा विषय सविस्तर आहे. आठव्यात म्हणतो, मूर्ती काहीच नाही, पण तुझ्या खाण्याने दुर्बळ बंधू अडखळत असेल तर खाऊ नको. दहाव्यात म्हणतो, कोणी जेवायला बोलावलं तर समोर येईल ते चौकशी न करता खा, पण "हे नैवेद्याचं आहे" असं कोणी सांगितलं तर खाऊ नको. आमच्या मंडळीत नुकतेच आलेले लोक आहेत, त्यांच्यासाठी मी थांबतो.

शेजारी वहिनींना हे मी लग्न होऊन इथे राहायला आलो त्याच वर्षी सांगितलं होतं. त्या रागावल्या नाहीत. तेव्हापासून चतुर्थीला मोदकपात्रातले पहिले पाच मोदक नैवेद्याआधीच वेगळ्या डब्यात काढून ठेवतात, वर तुपाची वाटी. डब्यावर माझं नाव असतं. आरतीच्या वेळी मी ओटीवर चपला सांभाळत बसतो, गर्दी फार असते.

---

रापणवाला_मालवण

आम्ही घेतो. फादरांना विचारलं होतं, ते म्हणाले, श्रद्धा म्हणून नको, शेजारी म्हणून घेतलास तर तुझ्या मनाला विचार. माझं मन मोदकाला नाही म्हणत नाही. पण मी आरतीत टाळ वाजवत नाही, आमचा चुलतभाऊ वाजवतो. त्याच्याशी माझं या विषयावर पटत नाही आणि पटेल असं दिसत नाही.

---

कुपारी_वसई

कॅथलिकांपुरतं एक. व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये म्हटलं की इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातलं काहीही चर्च नाकारत नाही. काही जण याचा अर्थ "सगळं सारखंच" असा घेतात, पण त्याच परिच्छेदात ख्रिस्ताची घोषणा करत राहणं चर्चवर बंधनकारक आहे असंही आहे. त्यामुळे रापणवाल्यांचा चुलतभाऊ आणि चिपळूणकरांचा डबा, दोघांनाही मी चूक म्हणणार नाही. टाळाबद्दल मात्र मी रापणवाल्यांच्या बाजूने.

---

व्यवस्थापक

दोन प्रतिसाद उडवले आहेत. ख्रिस्तींना "तांदळाच्या पिशव्या" (धान्यासाठी बाटलेले) म्हणणं आणि "तुमचे देव खोटे" या दोन्ही प्रकारच्या वाक्यांना इथे सारखीच शिक्षा आहे. बाकी चर्चा चांगली चालली आहे, चालू द्या.

---

वेंगुर्ल्याची_बाय

सगळ्यांचे आभार. इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं.

म्हातारी काल आली होती. नर्सताईंनी सांगितलं तसं विचारलं, आता करू का? ती म्हणाली, "हंय? बाजारात?" आणि हसायलाच लागली. मग म्हणाली, रविवारी तुमच्या इगर्जीत (चर्चमध्ये) येते, तिकडे कर, सायबिणीच्या समोर. मी म्हटलं या. मुलाला घेऊन येणार का विचारलं तर म्हणाली, तो उठला तर. त्याच्यासाठी व्यसनमुक्तीच्या डॉक्टरांचा पत्ता हवा आहे, कुडाळ किंवा सावंतवाडी बाजूला कोणाला माहीत असेल तर व्यनि करा. नुसत्या प्रार्थनेवर सोडून चालणार नाही, असं नवरा म्हणाला आणि ह्या वेळी तो पूर्ण बरोबर आहे.

मुंबईच्या गटाचं रोज एकाला सांगायचं माप मी सोडून देतेय. पण चार वाक्यांचं कुपारी म्हणाले ते मनावर घेतलंय. लिहून बघितली तर पहिलंच वाक्य अडलं. "मी देवाला मानते कारण" याच्यापुढे आईचंच नाव येत होतं, देवाचं नाही.

---

कुपारी_वसई

आईपासूनच सुरू करा. पुस्तकी उत्तरापेक्षा ते कोणीही ऐकून घेईल. लिहिलंत की इथे टाका.

---

सिस्टर_नव्हे_नर्स

व्यनि केलाय. आधी त्या मुलाला स्वतःला यायचं आहे का ते बघा. आणि पिणं एकदम बंद केलं तर थरथर, घाम, भास होऊ शकतात, झटकेही येतात. घरच्या घरी सोडवायला जाऊ नका, आधी डॉक्टर.

---

दापोलीचे_मास्तर

चिपळूणकर, ते कीर्तन यंदाही आहे का? मला पूर्वरंग-उत्तररंग कसा बसवतात ते बघायचं आहे. टाळ्या वाजवीन, पण नंतर प्रश्न विचारीन.

---

चिपळूणकर_मंडळी

आहे, नाताळच्या आठवड्यात, तारीख ठरली की कळवतो. पेटीवाला मिळत नाहीये यंदा. तुमच्या ओळखीत कोणी असेल तर सांगा, ख्रिस्तीच हवा असं नाही, सूर मात्र काळी चारचा सांभाळणारा हवा.